26 जानेवारीला आपण 'स्वतंत्र' कधीपासून झालो?

चौथी-ब ची आई
परवा 'निवांत' यांनी लिहिलं होतं की दहा वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय सणांचा इतिहास वगैरे शिकवू नये. झेंडा, गाणं आणि खाऊ एवढं पुरे. आधी प्रेम बसू द्यावं, बाकीचं मोठेपणी कळतंच. तिथेच उत्तर लिहायला बसले, ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढला.

तर माझ्या मुलाचं भाषण ऐका. शाळेतूनच लिहून आलेलं. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज 26 जानेवारी. आजच्या दिवशी आपला भारत देश इंग्रजांच्या गुलामगिरीतून मुक्त झाला." तीन दिवस घोकलं पोराने. मी बाईंना म्हटलं, अहो हे चुकलंय. तर म्हणतात, "ताई, मुलांना काय कळतंय? टाळ्या मिळाल्या की झालं." मिळाल्या की टाळ्या! प्रमुख पाहुण्यांनीही वाजवल्या.

रात्री मुलाला खरं काय ते सांगितलं. राज्यघटना 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारली आणि 26 जानेवारी 1950 ला लागू झाली. त्याचा लगेच प्रश्न, मधले दोन महिने कशाला थांबले? मग लाहोरचं काँग्रेस अधिवेशन सांगावं लागलं. 31 डिसेंबर 1929 ची मध्यरात्र, रावीचा काठ, नेहरूंनी फडकवलेला तिरंगा, आणि 26 जानेवारी 1930 ला गावोगाव घेतलेली पूर्ण स्वराज्याची शपथ. पुढे दरवर्षी हाच 'स्वातंत्र्यदिन' पाळायचे. खरं स्वातंत्र्य आलं ते 15 ऑगस्टला, ती तारीख माउंटबॅटनची. मग या जुन्या तारखेला कुठेतरी जागा द्यायला नको? पोरगा म्हणाला, "म्हणजे आधी तारीख ठरली आणि स्वातंत्र्य नंतर आलं?"

नऊ वर्षांचा आहे तो. आता सांगा, काय झेपलं नाही त्याला?

निवांत
तुमचा मुलगा हुशार आहे, अभिनंदन. वर्गातल्या बाकीच्या चाळीसजणांचं काय? प्रत्येकाच्या घरी रात्री रावीचा काठ सांगणारी आई नसते.

मी काय लिहिलं होतं ते नीट वाचा. इतिहास वाईट असं कुठे म्हटलंय? तो मुलांपर्यंत पोचेस्तोवर त्याचं 'आपले' आणि 'शत्रू' होतं, हे म्हटलंय. माझी भाची दुसरीत असताना 15 ऑगस्टच्या कार्यक्रमाहून घरी आली आणि विचारते, "मामा, आता आपला शत्रू कोण आहे?" सात वर्षांची पोर! त्यापेक्षा 52 सेकंद सरळ उभं राहून राष्ट्रगीत म्हणू दे की.

मुद्द्याचं बोला
@निवांत, चौथीच्या पुस्तकात आख्खे शिवाजी महाराज आहेत. अफजलखानाचा कोथळा नऊ वर्षांच्या पोराला झेपतो, आणि 1930 ची शपथ झेपत नाही? कमाल आहे बुवा.

निवांत
कोथळ्याचा मुद्दा मान्य. हलक्या आवाजात मान्य.

खडू-फळा
दोघांनाही नमस्कार. मी प्राथमिक शिक्षक, एकवीस वर्षं नोकरी झाली. तुमची चर्चा छान चाललीय, पण 25 जानेवारीला संध्याकाळी शाळेत कोण असतं ते सांगतो. मी आणि शिपाई. मैदानावर फक्कीच्या रेघा मारायच्या, लेझीम मोजायच्या, माईकवाल्याला चार फोन करायचे. आणि झेंड्याची गाठ. पाकळ्या घालून घडी करायची, दोरीची सरकगाठ अशी मारायची की हलक्या झटक्याला सुटली पाहिजे. पाहुणे जोर लावतात, गाठ आणखी आवळते, खाली दोनशे पोरं माना वर करून उभी. एकदा झालंय हे माझ्यासोबत. तेव्हापासून आदल्या दिवशी टॉवेल बांधून रंगीत तालीम करतो. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाचे फोटो वर पाठवायचे, ते अकराच्या आत. इतिहास कधी शिकवू?

आणि ती भाषणं पुस्तकांच्या दुकानात मिळणाऱ्या 'भाषणसंग्रहा'तली असतात. पालकच आणून देतात. शाळेतून लिहून आलं म्हणताय, एकदा वहीतलं अक्षर बघा कोणाचं आहे.

चौथी-ब ची आई
अक्षर बाईंचंच आहे. बघितलंय.

खडू-फळा
मग बाईंचं चुकलं. आमच्याकडूनही चुका होतात, लिहून ठेवा कुठेतरी.

पेठकर
मूळ प्रश्न राहिलाच बाजूला. शिकवायचं ते बरोबर तरी शिकवा. रंगांचंच घ्या. अर्धे शिक्षक सांगतात केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा. बाकीचे सांगतात केशरी त्यागाचा, हिरवा समृद्धीचा. मुलांनी काय समजायचं?

मुद्द्याचं बोला
दोन्ही समजायचं, क्रमाने. 1921 ला पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना झेंड्याचा जो नमुना दाखवला त्यात लाल आणि हिरवा होते, ते धर्मांचेच. पांढरा इतरांसाठी आला, त्यावर चरखा. त्यावरून वाद झाले, म्हणून 1931 ला काँग्रेसने लालाचा केशरी केला आणि रंगांना धर्माचा अर्थ नाही असं मुद्दाम ठरवलं. झेंड्यावरून लोक भांडले आणि भांडून काहीतरी ठरवलं, ही गोष्ट मुलांना का सांगायची नाही? मुलं रोज हेच करतात.

गोदाकाठ
अवांतर होतंय, पण बोलतोच. तुम्ही सगळे 15 ऑगस्ट, 15 ऑगस्ट करताय. आमच्या मराठवाड्यात 15 ऑगस्ट 1947 ला स्वातंत्र्य नव्हतं. निजामाचं राज्य होतं, तिरंगा लावणं गुन्हा होता. त्याच दिवशी हैदराबादेत आमच्या मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. आम्ही सुटलो 17 सप्टेंबर 1948 ला. हे पुण्या-मुंबईच्या किती पोरांना माहीत आहे?

पेठकर
आता प्रत्येक विभागाचा वेगळा स्वातंत्र्यदिन? मग गोव्याचा 19 डिसेंबर 1961 पण घ्या. कॅलेंडर पुरायचं नाही. तेरा महिने उशीर झाला, एवढंच ना?

गोदाकाठ
तेरा महिने उशीर! डेक्कन क्वीन लेट झाल्यासारखं बोलताय. त्या तेरा महिन्यांत रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, गावंच्या गावं जाळली, साहेब. लोक घरदार टाकून सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांत राहिले. तुमच्या शाळेत या विषयाला किती पानं होती?

पेठकर
आवाज खाली. मी आकडा सांगितला, चेष्टा केली नाही.

गोदाकाठ
तुमच्या आकड्यात माझी आजी आहे. म्हणून आवाज चढला.

संत्रानगरी
मराठवाड्याला निदान 17 सप्टेंबरला झेंडावंदन तरी आहे. आमच्या नागपूरच्या 1923 च्या झेंडा सत्याग्रहाचं नाव कोणी काढते का? झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला बंदी होती. देशभरातून लोक येऊन रोज तुकडीतुकडीने अटक करून घेत होते. जमनालाल बजाज आत गेले तेव्हा वल्लभभाई आले. आणि पोरांना प्लास्टिकचे झेंडे वाटून 27 तारखेला नालीत. 1 मे चं तर बोलतच नाही, आमच्याकडे त्या दिवशी कोणाकोणाचं डोकं दुखते ते वेगळंच.

खडू-फळा
1 मे म्हणजे पोरांना निकालाचा दिवस. संयुक्त महाराष्ट्राचे 106 हुतात्मे विचारा, प्रगतिपुस्तक दाखवतील. वेगळ्या विदर्भाचा वाद इथे नको, हात जोडतो. पण आमच्या खानदेशातलं एक सांगतो. 9 सप्टेंबर 1942, नंदुरबार. शिरीषकुमार मेहता, हातात तिरंगा, पोलिसांच्या गोळीला बळी. शाळकरी पोरगा. ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो. परिपत्रकात नाही तरी सांगतो. वर्गात चिडीचूप होते.

निवांत
सर, तुम्हीच बघा. पहिलीतल्या पोरांना गोळ्या घातलेल्या मुलाची गोष्ट सांगणार?

खडू-फळा
पहिलीला नाही, चौथीला. पहिलीला झेंडा रंगवायला देतो. एकवीस वर्षांत एवढी अक्कल आलीय.

चौथी-ब ची आई
@गोदाकाठ, आजीचं अर्धंच सांगितलंत.

गोदाकाठ
सांगतो. आजी तेव्हा अकरा वर्षांची. गाव बार्शीच्या अलीकडं, मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हद्दीत. बार्शी इंग्रजी मुलखात. ऑगस्ट 47 मध्ये पणजोबांनी धोतराचा तुकडा फाडला. हळदीत चुना कालवून वरचा पट्टा केला. हिरव्यासाठी पाला वाटला, तो काळपट आला. मधे निळीनं चरखा काढला. पहाटे वाड्याच्या मागं कळकाला बांधून लावला, चहा होईस्तोवर ठेवला आणि उतरवून ज्वारीच्या कणगीत दडवला. पुढं रझाकारांचा त्रास वाढला तशी एका रात्री बैलांच्या घुंगरमाळा काढून गाडी जुंपली आणि बार्शी गाठली. झेंडा कणगीतच राहिला. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्यावर, परत आले तर वाड्याचं माळवद जळालेलं, कणगी रिकामी.

आजी 15 ऑगस्टला टीव्ही पण लावत नाही. 17 सप्टेंबरला मात्र इस्त्रीचं लुगडं.

पेठकर
वाचलं. वाईट वाटलं, खरंच. पण एक शंका. घटना समितीने 22 जुलै 1947 लाच अशोकचक्राचा झेंडा स्वीकारला होता. ऑगस्टमध्ये चरखा कसा?

गोदाकाठ
निजामाच्या राज्यात घटना समितीचे ठराव आमच्या पणजोबांकडं टपालानं येत नव्हते. त्यांनी मनातला झेंडा काढला.

पेठकर
हे उत्तर आवडलं. माघार घेतो, पूर्ण नाही, अर्धी. कॅलेंडरवाला शेरा मागे घेतला.

निवांत
बघा, मी हेच म्हणत होतो. ही गोष्ट आहे. मुलांना गोष्ट सांगा, सनावळ्या नकोत.

चौथी-ब ची आई
वा! 'झेंडा आणि खाऊ पुरे' म्हणणारे तुम्हीच ना? आता शेवटी येऊन माझंच मला परत देताय.

निवांत
खाऊवर मी अजून ठाम आहे.

पेठकर
@गोदाकाठ, चिडणार नसाल तर शेवटचं. चरख्याच्या जागी चक्र घेण्याचं एक कारण नेहरूंनी घटना समितीत सांगितलं होतं. चरखा मागच्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखं. पणजोबांनी चरखा दोन्ही बाजूंनी काढला होता का? खोचक नाही, खरंच कुतूहल आहे.

गोदाकाठ
आजीला विचारून सांगतो. आत्ता झोपलीय.

गोदाकाठ
विचारलं. एकाच बाजूनं. नीळ संपली होती.