शोकाच्या घरी ‘देवाची योजना’ सांगावी का?

नगरकर : आमच्या ख्रिस्ती मंडळीत घरात तरुण माणूस गेला, की दफनविधी आटोपून लोक परततात न परततात तोच कुणीतरी रडणाऱ्या आईला ‘प्रभूची काही योजना असेल, रडू नका’ असे सांगते. हे सांत्वन नव्हे, आणि पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचाही त्याला आधार नाही, असे माझे मत आहे. बायबलमधल्या ईयोब या नीतिमान माणसाचे सर्वस्व गेले, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. दुःखाची कारणे सांगू लागले आणि सारे बिघडले. ईयोबाच्या ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप ईयोबावर होत नाही, देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर होतो. मेलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या बहिणीच्या रडण्याने हेलावला आणि स्वतः रडला. ख्रिस्ती माणसाला आधार वाटतो तो देव आपल्या दुःखात उतरला आहे याचा. त्याने हे का घडू दिले, याचे उत्तर त्याला क्वचितच मिळते.

उपासक : आपला रोख समजतो, निष्कर्ष मान्य नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौलाने देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात असे स्पष्ट म्हटले आहे, आणि त्याच अध्यायात पुढे छळ, उपासमार व तलवार यांची नावे घेतली आहेत. माझ्या आईचे दोन मुलगे गेले. त्यांचे जाणे देवाच्या हाताबाहेरचे नव्हते, या एका विश्वासावर ती सकाळी उठून चूल पेटवत असे. तो विश्वास भाबडा ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

संशयी : मी श्रद्धावान नाही, तरी विचारतो. पंडिता रमाबाईंनी आई-वडील, भाऊ आणि पती गमावले, १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली आणल्या व केडगावला त्यांना आसरा दिला. त्या मुलींना वाचवले ते भाकरीने आणि छपराने. देवाची प्रीती इतकी समर्थ असेल, तर दुष्काळच का पडू दिला?

नगरकर : आपल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ‘माणसाच्या पापामुळे’ हे ठरावीक उत्तर मी देणार नाही. मात्र भाकरी आणि प्रीती यांची अशी फारकत रमाबाईंनाच मान्य झाली नसती. त्या मुलींना जेवू घालणे हेच त्यांच्या लेखी ख्रिस्ताच्या प्रीतीचे काम होते. उपासक, आपल्या आईंचा विश्वास त्यांचा स्वतःचा, रडून-झगडून मिळवलेला होता. तोच विश्वास शेजाऱ्याने दफनाच्या दुपारी दुसऱ्या आईवर लादावा का, एवढाच माझा प्रश्न आहे. स्तोत्रसंहितेतले ८८ वे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते, आशेची एक ओळही न जोडता. तरीही ते शास्त्रात आहे. अशा प्रसंगी ते वाचलेले मी कधी ऐकले नाही.

उपासक : लादू नये, हे मान्य. ८८ वे स्तोत्रही जरूर वाचा. पण त्याच बैठकीत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे २३ वे वाचायचे राहिले, तर त्या घरी आपण अर्धेच शास्त्र नेले, असे मी म्हणेन.