कथा दमदार असलेले गेम सुचवा, वेगवेगळ्या प्रकारातले (रविवारच्या आत!)

निखिल_सांगलीकर
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनकट्ट्यावर येत्या रविवारी माझी पाळी आहे आणि मी पुस्तकाऐवजी व्हिडिओ गेम घेणार असं सांगून बसलोय. मागच्या बैठकीत एक काका म्हणाले की गेममधली कथा म्हणजे दोन मारामाऱ्यांच्या मधे लावलेलं ठिगळ, आणि बरेच जण माना डोलवत होते, मला ते अजिबात पटलं नाही. तर तीन-चार गेम सांगा, सगळे वेगळ्या प्रकारातले, शूटर (बंदुकीचे), आरपीजी (एखादं पात्र होऊन त्याचे निर्णय घ्यायचे), कोड्यांचे वगैरे, ज्यात कथा खरंच भारी आहे. विचर ३ आणि रेड डेड २ माहितीयेत, ते सोडून. यूट्यूबवरच्या याद्या नकोत, सगळीकडे तीच नावं. लवकर सांगा प्लीज.

गेमर_विदर्भ
पीसी की कन्सोल? ग्राफिक कार्ड कुठलं? बजेट?

पंख्यावरचा_टाय
डिस्को एलिसियम. धागा इथेच बंद करा. २०१९ चा गेम, दहा लाखांहून जास्त शब्द आहेत त्यात, आणि नेहमीची मारामारीच नाही, त्यामुळे काकांचा मुद्दा तिथेच संपला. नायक पोलिस आहे, दारू पिऊन स्मृती गेलेली, हॉटेलच्या खोलीत उघडाबंब जागा होतो. वर पंखा फिरतोय, पंख्याला त्याचा टाय अडकलाय. तब्येतीचे गुण कमी घेतले असतील आणि तो टाय ओढायला गेलात तर तिथेच हार्ट अटॅक येऊन गेम संपू शकतो. त्याच्या डोक्यातली चोवीस कौशल्यं, तर्क, सहानुभूती, अधिकार वगैरे, सतत त्याच्याशी बोलत असतात, भांडत असतात. असं लिखाण दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये नाही, माझं ठाम मत आहे.

कोकणी_कंट्रोलर
@पंख्यावरचा_टाय गेम उत्तम आहे, पण कट्ट्यावर दाखवणार काय? स्क्रीनवर उजव्या बाजूला मजकुराची पट्टी सरकत जाते आणि तुम्ही वाचत बसता. काका म्हणतील मग पुस्तक काय वाईट होतं, आणि त्यांचं बरोबरच असेल.

पंख्यावरचा_टाय
पुस्तकात तुमच्या उत्तरावरून पुढचं पान बदलत नाही.

मोस्ट_वॉन्टेड_२००५
रेसिंग गेम कोणीच धरत नाही कथेच्या बाबतीत. नीड फॉर स्पीड मोस्ट वॉन्टेड (२००५) घ्या, सुरुवातीलाच रेझर नावाचा खलनायक तुमची गाडी बिघडवून शर्यत जिंकतो आणि तुमची बीएमडब्ल्यू घेऊन जातो, मग तीच गाडी घेऊन तो ब्लॅकलिस्टवर, म्हणजे शर्यतवाल्यांच्या क्रमवारीत, एक नंबरला जाऊन बसतो आणि तुम्ही पंधरा नंबरपासून एकेकाला हरवत वर जाता. कथा एवढीच, पण आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, ती गाडी परत मिळेपर्यंत झोप नव्हती. कॅफेत तासाचे पैसे भरून खेळलोय. आता जुनी सीडी चालत नाहीये विंडोज ११ वर, कोणाला उपाय माहितीये का?

निखिल_सांगलीकर
अहो, विंडोजसाठी वेगळा धागा काढा ना. लॅपटॉप आहे माझ्याकडे. विचारलंय तेवढंच सांगा, दिवस कमी आहेत.

मंजिरी_के
लॅपटॉप आहे हे कळलं. कुठला, ग्राफिक कार्ड आहे का, किती वेळ मिळणार, माणसं किती आणि कुठल्या वयाची, आणि तुम्ही दाखवणार की त्यांना खेळायला देणार? हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. हे कळल्याशिवाय इथे प्रत्येक जण आपापला लाडका गेम सांगत राहणार.

पुणेकर_पिक्सेल
राजी हा गेम कोणी कसा नाही सांगितला? २०२० चा, आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली मुलगी, आणि दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत तिची गोष्ट सांगतात. सांगलीच्या कट्ट्यावर पुण्याचा गेम दाखवा की राव.

गेमर_विदर्भ
राजी दिसायला सुंदर आहे, मीही अभिमानाने घेतला होता. पण कथेसाठी नाही. ती शोधात पुढे पुढे जात राहते, मारामारी, उड्या, परत मारामारी, आणि कथा देव वरून बोलून सांगतात. काकांचं म्हणणं नेमकं हेच आहे.

पुणेकर_पिक्सेल
छोट्या टीमने एवढं केलं ते दिसत नाही का तुम्हाला?

गेमर_विदर्भ
दिसतं हो. कष्टाबद्दल आदर आहेच. प्रश्न कथेचा आहे.

रात्रपाळी
सगळ्यांची उत्तरं वाचली. निखिल, तुम्ही प्रकार मोजताय, एक शूटर एक आरपीजी एक कोडी, पण काकांना उत्तर द्यायचं असेल तर असं बघा की त्या त्या प्रकारात हात जे करतात त्यातूनच कथा सांगितली जाते का. मधेमधे सिनेमासारखे तुकडे लावून गोष्ट सांगणारे गेम कितीही महागडे असले तरी काकांचं म्हणणं तिथे खरं ठरतं. उलटी उदाहरणं सांगतो.

हेडीस, २०२०, मारामारीचाच गेम आहे, पाताळातून पळायचं आणि मरायचं, मेलं की परत बापाच्या घरी. एरवी मरण म्हणजे वेळ वाया, इथे प्रत्येक मरणानंतर घरातली माणसं काहीतरी नवीन बोलतात, मेल्याशिवाय त्यांची नाती कळतच नाहीत. शूटरमध्ये स्पेक ऑप्स द लाइन, २०१२, वाळूत गाडलेली दुबई. त्यात पांढऱ्या फॉस्फरसचा एक प्रसंग आहे, वरून स्क्रीनवर पांढरे ठिपके दिसतात, तुम्ही सवयीने उडवत जाता, आणि नंतर गेम तुम्हाला त्याच जागेतून चालत नेतो. जानेवारी २०२४ मध्ये तो ऑनलाइन दुकानांतून काढला, त्यामुळे आता नव्याने मिळणं अवघड. कोड्यांमध्ये ओब्रा दिन, २०१८, रिकामं परत आलेलं जहाज, साठ माणसं, कोण कोण आणि कसं मेलं हे वहीत भरायचं, तिघांचं बरोबर आलं की गेम कबूल करतो. खलाशांमध्ये भारतीयही आहेत, यादीत देश लिहिलेला असतो, त्यावरून ओळखावं लागतं. कोणी गोष्ट सांगत नाही, तुम्ही ती जुळवता.

पण एकच न्यायचा असेल तर त्याच लेखकाचा, लुकस पोपचा, आधीचा पेपर्स प्लीज, २०१३.

कोकणी_कंट्रोलर
+१ पेपर्स प्लीज. आणि व्हॉट रिमेन्स ऑफ इडिथ फिंच पण, २०१७. त्यातला माशांच्या कारखान्याचा प्रसंग दाखवाच. एका हाताने मासे कापायचे, दुसऱ्या हाताने त्या मुलाच्या डोक्यातल्या राज्यात फिरायचं, हळूहळू ते राज्य सगळी स्क्रीन व्यापतं आणि हात मात्र मासे कापतच राहतो. शेवटी तो मुलगा

पंख्यावरचा_टाय
स्पॉयलर!! शेवट आधीच फोडू नका. तिथेच थांबलात का मुद्दाम माहीत नाही पण थांबलात ते बरं केलंत.

मंजिरी_के
मी पूर्ण सांगते, कारण निखिलना ते आधी माहीत असायला हवं. त्या प्रसंगाचा शेवट आत्महत्येत होतो, आणि त्याच गेममध्ये लहान बाळाचा मृत्यूही आहे. मला तो गेम फार जवळचा आहे, पण कट्ट्यावर कोणाच्या घरात असं घडलेलं असलं तर न सांगता समोर ठेवू नका. स्पॉयलरपेक्षा माणूस मोठा.

अनु_टोरांटो
वेन्बा बघा, २०२३. कॅनडात आलेलं तमिळ कुटुंब, आईची पाककृतींची फाटकी वही, पुसलेल्या पायऱ्या ओळखून पदार्थ करायचे. इडलीपात्रात वाफ कुठून जाईल ते बघून ताटल्या लावायच्या आहेत. मुलगा मोठा होत जातो आणि आईशी तुटक बोलायला लागतो, ते मला इथे राहून फार लागलं. छोटा गेम आहे, एका बैठकीत होतो. माझ्या सासूबाईंनी माऊस हातात घेऊन खेळला, त्या कधीच काही खेळत नाहीत.

निखिल_सांगलीकर
वा, आता काहीतरी हाताला लागलं. मंजिरीताई, उत्तरं देतो: साधा ऑफिसचा लॅपटॉप, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. वेळ एक तास. पंधराएक माणसं, निम्मी साठीच्या पुढची, इंग्रजी वाचता येतं सगळ्यांना पण अमेरिकन उच्चार पटकन कळत नाहीत. प्रोजेक्टर आहे. मी दाखवणारच होतो, पण तुम्ही म्हणताय तसं काकांनाच बसवावं का?

गेमर_विदर्भ
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, ग्राफिक कार्ड नाही म्हटल्यावर निम्मी नावं बाद.

रात्रपाळी
मग पेपर्स प्लीजच. कुठल्याही लॅपटॉपवर चालतो, सगळा मजकूर वाचायचा आहे, बोलणं ऐकायचं नाही, आणि नुसता माऊस लागतो. काकांनाच बसवा. ते सीमेवरचे अधिकारी, काल्पनिक देश, १९८२ साल, पासपोर्ट तपासायचा आणि शिक्का मारायचा, जितकी माणसं तपासाल तितका पगार. घरी बायको, मुलगा, सासू, काका, आणि रोज रात्री भाडं, जेवण, शेकोटी यांचा हिशोब. मग एक नवरा येतो, कागद बरोबर, जाताना म्हणतो माझी बायको मागेच आहे, तिच्याशी नीट वागा. ती येते, तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. तिला सोडलं तर चुकीची नोंद होते, पहिल्या दोन नोंदी नुसत्या ताकीद, त्यापुढे पैसे कापतात. काका आधीच दोन चुका करून बसलेले असतील तर तिला सोडणं म्हणजे त्या रात्री घरचं काहीतरी कमी. तिथे तुम्ही काहीच बोलू नका. शिक्का त्यांच्या हातात आहे.

मोस्ट_वॉन्टेड_२००५
माझे वडील सरकारी खात्यात टेबलावर होते, त्यांना हे दाखवायला हवं होतं.

मंजिरी_के
दोन कामाच्या गोष्टी. पेपर्स प्लीजमध्ये पुढे झडतीच्या फोटोत नग्न शरीरं दिसतात, सेटिंगमध्ये नग्नता बंद करायची सोय आहे, घरीच बंद करून न्या. आणि सोपा मोड आहे, त्यात रोज वीस क्रेडिट जास्त मिळतात, पण तो लावू नका, पैशाची ओढाताण गेली तर त्या बाईच्या प्रसंगाला काही अर्थ उरत नाही.

कोकणी_कंट्रोलर
अक्षरं पिक्सेलची आणि बारीक आहेत, पासपोर्टचा नंबर आणि तारीख मागच्या खुर्चीवरून दिसणार नाही. ज्येष्ठ मंडळींना पुढे बसवा, किंवा एकाला मोठ्याने वाचायला सांगा. आणि सुरुवातीचे दिवस आधीच खेळून ठेवू नका हं, नियम रोज एकेक वाढत जातात, काकांना पहिल्या दिवसापासूनच बसू दे.

निखिल_सांगलीकर
ठरलं. पेपर्स प्लीज चाळीस मिनिटं, काका खुर्चीत, आणि उरलेल्या वेळात वेन्बाची इडली, ती आमच्या वहिनी करतील. इडिथ फिंच आणि ओब्रा दिन मी स्वतःसाठी घेतोय. डिस्कोवाले दादा, तुमचं नाव पण सांगेन तिथे, ज्याला वाचायची आवड आहे तो घेईल. आज रात्री डाउनलोड करून ती सेटिंग बघतो.

पंख्यावरचा_टाय
सांगा नक्की. फायनल कट नावाची आवृत्ती घ्यायला सांगा, २०२१ ची, त्यात सगळे संवाद बोललेले आहेत.