काटापावतीचं व्हॅलिडेशन: कन्स्ट्रक्टरमध्ये की बाहेर?

तापीकाठ: जळगावकडच्या एका जिनिंगसाठी जावात कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर करतोय. 'काटापावती' क्लासमध्ये भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा आणि भाव. सेटर (किंमत बदलणाऱ्या मेथड) सगळे उघडे, शेवटी 'वैध आहे का' ही मेथड. ती बोलवायची राहिली की रिकामं वजन भरल्यापेक्षा जास्त असलेली पावतीही सेव्ह होते. तपासणी कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) न्यावी तर गाडी आत येताना रिकामं वजन हाती नसतंच. काय करावं?

केळीबाग_रावेर: भाऊ, एका क्लासमध्ये दोन वस्तू कोंबल्या आहेत. आधी 'आवकनोंद' करा, तिच्यात फक्त भरलेलं वजन. तिच्यावर 'रिकामी तोल' ही मेथड ठेवा, ती रिकामं वजन घेऊन काटापावती परत देईल. रिकामं भरल्याएवढं किंवा जास्त असेल तर तिथेच एक्सेप्शन (चूक दाखवून काम थांबवणं). काटापावतीचा कन्स्ट्रक्टर पॅकेजबाहेर दिसू देऊ नका, सेटर काढून टाका. अर्धवट पावती मग तयारच होत नाही.

ओलावा डबलमध्ये (जावाच्या साध्या दशांश प्रकारात) ठेवू नका. '० पेक्षा कमी किंवा १०० पेक्षा जास्त असेल तर एक्सेप्शन फेक' या अटीतून नॅन ('ही संख्याच नाही' अशी डबलची किंमत) आरामात निसटतो, कारण त्याच्याशी केलेली अशी प्रत्येक तुलना फॉल्स येते. बिगडेसिमल (अचूक दशांशाचा प्रकार) घ्या, तोही स्ट्रिंगवरून बनवलेला. आणि तुलना कंपेअरटूने, इक्वल्सला ८.० आणि ८.०० वेगळे वाटतात!

सरकीढेप: वरचं बरोबर, पण ओलाव्याची १२ टक्क्यांची अट त्या क्लासमध्ये घुसवू नका. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) हमीभावाने घेताना ८ टक्के धरते, १२ पर्यंत कपात करून घेते, त्यापुढे घेत नाही. पण १४ टक्क्यांचा कापूस खोटा नाही ना भो, खाजगी व्यापारी तो घेतोच. ० ते १०० ही ओलाव्याची स्वतःची मर्यादा, १२ ही खरेदीदाराची. दुसरी 'खरेदीधोरण' अशा वेगळ्या क्लासमध्ये. नाहीतर नियम बदलला की जुन्या पावत्या नव्या अटीवर आपटतात.

तापीकाठ: हायबरनेटला (ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्या लायब्ररीला) तर बिनपॅरामीटरचा रिकामा कन्स्ट्रक्टर लागतो. आणि फॉर्मवर सगळ्या चुका एकदम दाखवायच्या आहेत.

केळीबाग_रावेर: तो कन्स्ट्रक्टर प्रोटेक्टेड ठेवा, म्हणजे बाहेरून कोणी वापरणार नाही. आयडीचं अ‍ॅनोटेशन फील्डवर असेल तर हायबरनेट थेट फील्ड भरतं, तुमची तपासणी चालतच नाही. म्हणून टेबलवरही चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसनेच तपासायची अट) हवाच. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर आवृत्ती बघा: ८.०.१६ च्या आधी ते कन्स्ट्रेंट वाचून गुपचूप सोडून देत असे.

फॉर्मसाठी वेगळा साधा क्लास करा, सगळं नलेबल (रिकामं राहिलं तरी चालेल असं). चुका तिथे यादीत गोळा करा, यादी रिकामी असेल तरच डोमेनकडे, म्हणजे आवकनोंद-काटापावतीकडे जा.

सरकीढेप: पावती क्रमांकाला युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नाकारणारा) द्या. 'आधी शोध, नसेल तर टाक' हे दोन काट्यांवर एकाच वेळी पावती निघाली की फसतं.