आइसलँडमध्ये भुतंखेतं सगळी डिसेंबरातच का?

रातकिडा: ग्रीला म्हणून राक्षसीण आहे तिकडे, वात्रट पोरांना शिजवून खाते म्हणे, आणि तिची १३ पोरं १२ डिसेंबरपासून रोज एक अशी डोंगरातून खाली उतरतात. आपल्याकडे कसं, अमावस्या असली की झालं, सीझन कुठलाही चालतो. मग यांचं थंडीतच का?

मालवणी_मुंजा: अरे रेकयाविकला, म्हणजे त्यांच्या राजधानीत, तेव्हा जेमतेम ४ तास उजेड असतो, आपल्या मुंबईत ११ तास! त्या पोरांची कामं बघ की, एक दारं आपटतो, एक चमचे चाटतो, एक मांस पळवतो. म्हणजे रात्रीचं वारं आणि संपत आलेलं धान्य, दुसरं काय. अंधारात नीट दिसत नाही तेव्हा मेंदू आवाजाला चेहरा लावून मोकळा होतो

स्नेहल_पुणे: आणि ते विंटर डिप्रेशन, थंडीत उजेड कमी झाला की येणारं नैराश्य? १९८४ मध्ये रोझेन्थल नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने नाव दिलं ना त्याला

मालवणी_मुंजा: हो, पण गंमत म्हणजे आइसलँडमध्ये ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमीच सापडलं. गोष्टींमुळे असं म्हणणार नाही मी, संशोधकांना आनुवंशिक कारण असावं असं वाटलं

रातकिडा: १७४६ मध्ये पोरांना या नावांनी घाबरवायला सरकारी बंदी पण आली होती म्हणे 😄 आता तेच तेरा जण खिडकीतल्या बुटात खाऊ ठेवतात, वात्रटाला सडका बटाटा