मदत हवी आहे: रॉ फोटो कॅमेऱ्यात उजळ, डार्कटेबलमध्ये काळवंडलेला

तिपाई:
निकॉन कॅमेरा, १४-बिट एनईएफ (निकॉनची रॉ फाइल), ए मोड (लेन्सचं छिद्र मी ठरवायचं, शटर वेळ कॅमेऱ्याने), आयएसओ २००. पिक्चर कंट्रोल (रंगांची शैली) 'व्हिव्हिड', ॲक्टिव्ह डी-लायटिंग 'एक्स्ट्रा हाय'. डार्कटेबल या रॉ एडिटिंग सॉफ्टवेअरच्या लाइटटेबलमध्ये (फोटोंची यादी) फोटो कॅमेऱ्यात दिसतो तसाच दिसतो. डार्करूममध्ये (एडिटिंगची खिडकी) उघडला की फिका नि अंधारा. एक्स्पोजर वाढवलं की सावल्यांत नॉईज (दाणेदारपणा)! शिवाय एक्स्पोर्ट केलेली जेपेग काही ॲपमध्ये मलूल दिसते. काय बदलू?

कवडसा:
फाइल ठणठणीत आहे. रॉमध्ये सेन्सरची मोजमापं असतात, सोबत कॅमेऱ्याने बनवलेली तयार जेपेगही असते. कॅमेऱ्याची स्क्रीन आणि हिस्टोग्राम (डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) त्या जेपेगचेच, लाइटटेबलही आधी तीच दाखवतं. डार्करूममध्ये खरी रॉ उलगडते, तिथे 'व्हिव्हिड' लागू होत नाही.

नॉईजचं मूळ डी-लायटिंग. उजळ भाग जळू नयेत म्हणून कॅमेरा एक्स्पोजरच कमी देतो, मग जेपेग बनवताना सावल्या उचलतो. ही उचल जेपेगपुरती. कमी पडलेला प्रकाश मात्र रॉमध्ये कायमचा. म्हणून डी-लायटिंग बंद करा आणि पिक्चर कंट्रोल 'न्यूट्रल' ठेवा, म्हणजे हिस्टोग्राम रॉच्या जवळपास जाईल.

काढलेल्या फोटोंसाठी: आधी एक्स्पोजर मॉड्यूलने मधले टोन जागेवर आणा, तेव्हा आकाश पांढरं झालं तरी हात लावू नका. मग उजेड-अंधार स्क्रीनवर मावतील असे दाबणारं सिग्मॉइड किंवा फिल्मिक मॉड्यूल, दोन्हींपैकी एकच. सावल्या टोन इक्वलायझरने, रंग कलर बॅलन्स आरजीबीने, नॉईज 'डीनॉईज प्रोफाइल्ड'ने.

एक्स्पोर्टमध्ये प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची नोंद) एसआरजीबी, म्हणजे सगळीकडे चालणारं, निवडा. रुंद कलर स्पेसमधली जेपेग, प्रोफाइल न वाचणाऱ्या ॲपमध्ये मलूलच दिसणार.

तिपाई:
म्हणजे यापुढे हिस्टोग्राम उजवीकडे ढकलूनच, म्हणजे जास्त उजळ, फोटो काढू का? १४-बिटच्या उजेडाच्या १६,३८४ पातळ्यांपैकी निम्म्या सगळ्यात उजळ स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) असतात म्हणे.

उघडझाप:
गणित बरोबर, कारण वेगळं. सावल्या स्वच्छ येतात त्या जास्त प्रकाश गोळा झाल्यामुळे, पातळ्यांच्या मोजणीमुळे नव्हे. त्यामुळे आयएसओ वाढवून हिस्टोग्राम उजवीकडे नेला तर प्रकाश तेवढाच राहतो. शटर वेळ वाढवा किंवा ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) उघडा.

आणि आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम बघा. लाल फुलात एकूण आलेख सुरक्षित दिसतो, पण लाल चॅनल केव्हाच उजव्या भिंतीला टेकलेला, म्हणजे जळलेला असतो. एक चॅनल जळला तर डार्कटेबलचं 'हायलाइट रीकन्स्ट्रक्शन' उरलेल्या दोनांवरून अंदाज बांधतं. तिन्ही जळले तर तिथे तपशील उरतच नाही. डार्करूममध्ये फोटोखाली 'रॉ ओव्हरएक्स्पोज्ड'चं बटण आहे, जेपेगचा नव्हे तर खऱ्या रॉचा जळका भाग तेच दाखवतं. काही फोटोंवर ते तपासा, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम रॉच्या किती आधी घाबरतो, म्हणजे जळल्याचं दाखवतो, ते कळेल. तेवढंच जादा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या मोजणीवर दिलेला वाढीव उजेड) द्या, बहुतेकदा तिसरा हिस्सा ते एक स्टॉप.

(डार्कटेबलमधलं एडिटिंग फोटोशेजारच्या .एक्सएमपी फाइलमध्ये राहतं. एनईएफ दुसरीकडे हलवताना तीही न्या.)