तारेच्या मोरावरची वेल खालून उघडी पडतेय
प्रश्न (सांगली): गच्चीत मोराच्या आकाराच्या 3 फुटी तारेच्या सांगाड्यावर फायकस प्युमिला (चिकटून चढणारी वेल) चढवलीय. वर झुपका, खाली नुसत्या काड्या. काय चुकतंय?

उत्तर 1: शेंडे खुडले नाहीत. वाढीच्या दिवसांत 3-4 आठवड्यांनी खुडा, बगलफुटवे येतील. खालच्या फांद्या आडव्या वळवून सुतळीने सैल बांधा. तारेने आवळल्या तर ती खोडात रुतते.

उत्तर 2: सांगाडा पोकळ आहे का? हिची मुळं ओलसर पृष्ठभाग चांगला धरतात. आतून कोंबडीजाळी लावून भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ठासा. कुंडीत निव्वळ काळी माती नको, पाणी तुंबून मुळं कुजतात. एप्रिल-मेत तापलेल्या तारेवर कोवळे कोंब करपतात, तेव्हा दुपारची सावली हवीच.

उत्तर 3: मोठ्या, जाड पानांच्या फांद्या बाहेर झेपावल्या तर बुडातून काढा. त्या चिकटत नाहीत, मोराचं पार झुडूप होतं! चीक खाजरा, हातमोजे घाला.