अकरा वर्षांच्या सेवेनंतर मन आटले आहे. सेवा आणि अर्पण चालू ठेवावे की थांबावे?

प्रश्न : वास्कोकर

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. मी वास्को येथील एका लहान मराठी मंडळीचा सभासद आहे. आमच्याकडे पस्तीस-चाळीस कुटुंबे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे वडील किंवा आजोबा बंदरातील कामासाठी बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर या भागांतून आले व इथलेच झाले. गेली 11 वर्षे मी रविवारची शाळा घेतो, उपासनेआधी सतरंज्या घालतो, मंडळीतील कोणी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात दाखल झाले तर त्यांच्या नातेवाइकांना डबा पोहोचवतो, आणि पगार हाती येताच त्याचा दहावा भाग पाकिटात घालून वेगळा काढतो.

2012 साली गोव्यातील खाणी बंद पडल्या तेव्हा मी खनिज वाहून नेणाऱ्या बार्जवर कामाला होतो. सात महिने पगाराचे नाव नव्हते. तरी मिळेल ते काम करून जे चार पैसे येत, त्यांतूनही मी देवाचा वाटा काढत असे, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसांत देताना जो आनंद होई तो पुढे कधीच झाला नाही. आता नोकरी स्थिर आहे, घराचे हप्ते वेळेवर जातात, आणि नेमके आताच मन आटले आहे. पाकीट निघते, पण विजेचे बिल भरावे तसे.

याची कारणे मी शोधून पाहिली. शाळेतली मुले दहावीला गेली की ट्यूशनच्या नावाखाली दिसेनाशी होतात. 11 वर्षांत जी मुले शिकवली त्यांतली आज उपासनेला येणारी बोटांवर मोजता येतील. डबा पोहोचवण्याचे काम सुरुवातीला पाच जणांनी अंगावर घेतले होते, ते नव्याचे नऊ दिवस ठरले आणि आता मी एकटाच उरलो आहे. तिसरे कारण लिहिताना संकोच वाटतो. इमारत निधीचा हिशेब दोन वर्षे सभेत वाचला गेलेला नाही, आणि मी विचारले तेव्हा ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असे उत्तर मिळाले.

‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे वचन वाचले जाते तेव्हा माझी मान खाली जाते. संतोष नसताना दिलेले अर्पण ढोंग ठरते काय? काही काळ थांबावे, की रेटत राहावे? ‘अधिक प्रार्थना करा’ एवढेच सांगू नये, ही विनंती. ती मी करतोच.

उत्तर 1 : निवृत्त शिक्षक, फोंडा

बंधू, आपण ज्या वचनामुळे मान खाली घालता ते वचन कोणाला लिहिले होते, हे आधी पाहू. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठ आणि नऊ हे दोन अध्याय एकत्र वाचावेत. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करण्याचे काम चालू होते. करिंथकरांनी वर्षभर आधी मोठ्या उत्साहाने तयारी दाखवली होती, इतकी की पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने मासेदोनियातील मंडळ्यांपुढे त्यांचा अभिमानाने उल्लेख केला. आणि मग ते काम तसेच रेंगाळले. आता मासेदोनियातील लोक आपल्याबरोबर आले आणि इथे काहीच तयार नसले तर तुमची आणि आमचीही फजिती होईल, या काळजीने पौल तीताला आणि आणखी दोन बंधूंना पुढे पाठवतो. म्हणजे संतोषाचे ते वचन उचंबळून देणाऱ्यांना लिहिलेले नाही. ज्यांचा उत्साह ओसरला होता त्यांना, सुरू केलेले काम पुरे करा असे सांगताना लिहिलेले आहे. शिवाय त्या वचनात संतोषाच्या विरुद्ध बाजूला दोन गोष्टी ठेवल्या आहेत : दुःखी मनाने देणे आणि देणे भाग पडते म्हणून देणे. आपल्याला कोणी भाग पाडत नाही. आपण थकून देत आहात, आणि थकणे व कुरकुरणे यांत मी फरक करतो.

याच लोकांना पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौलाने अगदी साधी रीत सांगितली होती : दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही वेगळे काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर वर्गण्या करण्याची धावपळ होऊ नये. तिथे भावनेचा उल्लेखही नाही. आपले पाकीट त्या रीतीत बसते.

माझे बालपण दिवाडी बेटावर गेले. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा बांध दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चिखल घालून पक्का करावा लागे आणि मानशीच्या, म्हणजे बांधातील पाण्याच्या दाराच्या, फळ्या तपासाव्या लागत. त्या कामात आनंद मानणारा माणूस मी पाहिला नाही. पण एका वर्षी हयगय झाली आणि भरतीचे खारे पाणी आत शिरले, तर पुढचे काही पावसाळे त्या शेतात भात नीट येत नसे. नियम हा बांधासारखा आहे. मन कोरडे असतानाच तो राखायचा असतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : पाकीट थांबवू नये.

उत्तर 2 : परिचारिका, म्हापसा

सरांचा अर्थ मला पटला, पण बांधाचे उदाहरण अर्धेच सांगितले गेले असे वाटते. माझे माहेर दिवाडीच्याच तिसवाडी तालुक्यात आहे. बांध एका माणसाने कधीच राखला नाही. ते गावकारीचे, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेचे, आणि कुळांचे मिळून काम होते, पाळ्या ठरलेल्या असत, आणि एखादा आजारी पडला तर त्याच्या वाट्याचा चिखल दुसरा कोणीतरी टाकत असे. वास्कोकर दादांच्या मंडळीत चार माणसे बांधावरून उतरून घरी गेली आहेत आणि पाचव्याला आपण निष्ठेचे धडे देत आहोत. हे मला योग्य वाटत नाही.

मी 19 वर्षे रुग्णसेवेत आहे. सलग रात्रपाळ्या केलेल्या परिचारिकेला रुग्णाबद्दल माया वाटेनाशी होते. ती वाईट नसते, तिची झोप झालेली नसते. एलीया संदेष्ट्याची गोष्ट आठवावी. कर्मेल डोंगरावरील एवढ्या मोठ्या विजयानंतर तो रानात जाऊन रतामाच्या झुडपाखाली बसला आणि ‘आता पुरे झाले’ म्हणून मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर विचारला गेला. आणि ‘मीच एकटा उरलो आहे’ या त्याच्या तक्रारीला मिळालेल्या उत्तरात तीन नावे होती, त्यांतले एक अलीशाचे, म्हणजे त्याच्या जागी काम करणाऱ्या माणसाचे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. गणना या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात लेव्यांच्या, म्हणजे उपासनेच्या कामासाठी नेमलेल्या वंशाच्या, सेवेचे वय दिले आहे : पंचविसाव्या वर्षी सेवेला लागावे आणि पन्नासाव्या वर्षी त्या कामातून मोकळे व्हावे, त्यानंतर आपल्या भावांना हातभार लावावा, पण मुख्य काम करू नये. पुढे दावीदाने याजकांचे 24 वर्ग पाडले, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या आपल्या वर्गाची पाळी आली तेव्हाच मंदिरात सेवा करत होता. पाळीने सेवा करणे ही आळशी माणसांची सोय नाही, ती शास्त्रातील व्यवस्था आहे. दादा, रविवारची शाळा एका वर्षासाठी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी. ती व्यक्ती तुमच्याइतकी चांगली शिकवणार नाही, हे धरूनच चालावे.

उत्तर 3 : साष्टीकर

मी कॅथलिक आहे. घरी कोंकणी बोलतो, पण शिक्षण मराठीतून झाले, म्हणून इथे लिहिण्याचे धाडस करतो. वास्कोकरांच्या मुलांविषयी, म्हणजे फळ न दिसण्याविषयी, कोणी बोलले नाही, म्हणून दोन शब्द.

आपल्यापासून जवळच सांकवाळला संत जुझे वाझ या गोव्याच्या धर्मगुरूंचे तीर्थस्थान आहे. त्यांचा जन्म 1651 मध्ये बाणावलीत झाला. 2015 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले, तेव्हा गोव्यात घंटा वाजल्या आणि भाषणेही पुष्कळ झाली. त्या भाषणांत त्यांच्या धैर्याचे वर्णन असते, पण मला त्यांच्या आयुष्यातील मंद वर्षांचे जास्त आश्चर्य वाटते. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर डचांची सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना तिथे बंदी होती. 1687 मध्ये ते मजुराच्या वेषात जाफन्याला पोहोचले ते आजारी होऊनच. 1692 मध्ये कँडीला गेले, तर पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले गेले. गोव्याहून दुसरे धर्मगुरू मदतीला येईपर्यंत कित्येक वर्षे ते त्या संपूर्ण बेटावर एकटेच हिंडत होते. 1697 च्या सुमारास देवीची साथ आली, तेव्हा लोक आजाऱ्यांना टाकून पळत असताना त्यांनी त्यांची शुश्रूषा केली. 1711 मध्ये कँडीतच वारले आणि गोव्याला परतले नाहीत. संतपद मिळाले ते त्यानंतर 304 वर्षांनी.

हे लिहिताना म्हापशाच्या बाई हसतील याची मला कल्पना आहे, कारण एकटे राबण्याचेच हे उदाहरण झाले. पण त्यांनीही गोव्यातील आपल्या ऑरेटरी या धर्मगुरूंच्या संघाला मदतीसाठी वारंवार लिहिले होते. संतालाही सोबत मागावी लागली, आणि मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आमच्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम मी काही वर्षे केले. ही संस्था 1833 मध्ये पॅरिसमधील मूठभर विद्यार्थ्यांनी सुरू केली. तिचा एक जुना नियम असा की गरिबाच्या घरी भेट द्यायला शक्यतो दोघांनी मिळून जावे. पहिल्या वर्षी मला तो वेळेचा अपव्यय वाटला. दोघे दोन घरी गेलो तर दुप्पट घरे होतील, असा माझा हिशेब होता. दुसऱ्या वर्षी माझा जोडीदार दुबईला गेला, मी एकटा जाऊ लागलो, आणि चार महिन्यांत मीही जाणे बंद केले. त्यानंतर त्या नियमाला मी नावे ठेवली नाहीत.

उत्तर 4 : डिचोलीचा हिशेबनीस

हिशेबाच्या मुद्द्याला सर्वांनी वळसा घातला आहे. फोंड्याच्या सरांनी जो आठवा अध्याय उघडला, त्यातच विसाव्या-एकविसाव्या ओवीत पौल म्हणतो की एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेत कोणी आमच्यावर दोष ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, आणि जे केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने मान्य आहे ते करतो. म्हणूनच पैसे नेण्यासाठी तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस आहे. प्रत्यक्ष प्रेषिताला साक्षीदार बरोबर घ्यावासा वाटला, तर आमच्या-तुमच्या खजिनदारांना वही उघडायला सांगण्यात अविश्वास कसला? हिशेब मागणाऱ्याचा विश्वास कमी असतो, हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या मंडळ्यांत ऐकले आहे, आणि तिन्ही ठिकाणी चोरी नव्हती, केवळ आळस होता. पावत्या खोक्यात पडून होत्या. वास्कोकरांनी वार्षिक सभेच्या आधी लेखी विनंती करावी, दोन सभासदांच्या सह्या घ्याव्यात, आणि वही लिहायला बसण्याची तयारी स्वतः दाखवावी. तोवर इमारत निधीत घालायचे ते बांबोळीच्या डब्यात घातले तर मला त्यात काही गैर दिसत नाही.

उत्तर 5 : निवृत्त शिक्षक, फोंडा

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. हिशेब मिळेपर्यंत निधी वळवणे हा दबाव झाला, आणि ज्याला विचारायचे त्याला न विचारता पैशाने बोलण्याची सवय मंडळीत वाईट रुजते. मात्र म्हापशाच्या भगिनींचे म्हणणे मान्य. बांधावर पाळ्या होत्या, हे मी विसरलो होतो, आणि माझे वडील तिथे कधी एकटे गेले नाहीत, हेही खरे आहे. जाता जाता डिचोलीकरांना : ती ‘ओवी’ नाही, ‘वचन’ आहे. शिक्षकाची खोड.

प्रश्नकर्त्याचे लेखन : वास्कोकर

सर्वांचे आभार. उत्तरे मी पत्नीला वाचून दाखवली. परिचारिका भगिनींचे उत्तर वाचल्यावर ती म्हणाली की हे मी तीन वर्षे सांगत होते, फक्त त्यात एलीया नव्हता.

पाकीट चालू ठेवणार आहे, इमारत निधीचेही. निधीबाबत अजून मनात दोन मते आहेत, पण फोंड्याच्या सरांचा आक्षेप मला खोडता आला नाही. हिशेबाच्या विनंतीवर एका ज्येष्ठ भगिनीने लगेच सही केली. दुसऱ्या सहीसाठी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी चहा पाजला आणि सही दिली नाही. आणखी दोघांना विचारणार आहे.

रविवारची शाळा जूनपासून एका महाविद्यालयीन मुलीकडे देण्याचे पाळकांनी मान्य केले. ही मुलगी माझ्याच वर्गात होती, आणि ‘दिसेनाशी झालेल्या’ मुलांच्या यादीत मी तिचे नाव धरले होते. ती पणजीला वसतिगृहात राहत होती आणि तिथल्या मंडळीत जात होती, हे मला ठाऊकच नव्हते. काल ती जुन्या चित्रांचे खोके न्यायला आली. तिला त्यांतली निम्मी चित्रे जुनाट वाटली. मी काही बोललो नाही, पण गप्प राहणे सोपे गेले नाही.

डब्यासाठी उपासनेनंतर उभा राहून सोबत मागितली. 11 वर्षांत प्रथमच मागितली, हे बोलताना लक्षात आले. एक बार्जवरचा जुना सोबती गुरुवारसाठी तयार झाला आहे. त्याला स्वयंपाक येत नाही आणि स्कूटरही नाही, तेव्हा डबा माझ्या घरी भरायचा आणि मागे बसून तो धरायचा, असे ठरले आहे.